पाणी, हात आणि प्राथमिक शाळा

पोलादपूर तालुक्यांतील उमरठ हें गांव नरवीर तानाजी मालुसरे यांचें म्हणून महाराष्ट्रास ठाऊक आहे. त्यांची समाधि तेथेंच आहे. तेव्हां इतिहासाच्या पुस्तकांतील १६७० सालची सिंहगडची लढाई तेथील मुलांना घरचीच वाटत असली तर नवल नाहीं. त्याच दप्तरांत 'परिसर अभ्यासा'चेंही पुस्तक असतें. हात धुवावे, पाणी झांकून ठेवावें, नखें कापावीं, अशा गोष्टी मुलांनीं त्यांतून शिकावयाच्या असतात. सिंहगडचा धडा पाठ केला म्हणजे परीक्षेपुरतें भागतें. हा धडा पाठ करून भागत नाहीं.

शहरांत नळ फिरविला कीं हात धुऊन होतात. उमरठच्या बाजूची गोष्ट निराळी. महाबळेश्वरच्या पायथ्याचा हा मुलूख. पावसाळ्यांत पाऊस अपरंपार, पण डोंगरउतारावर तो ठरत नाहीं, सावित्रीच्या वाटेनें खाडीस मिळतो. उन्हाळ्यांत तालुक्यांतील कित्येक वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. आईनें चढण चढून आणलेला हंडा हात धुण्यांत रिता करावा, हें मुलानें घरीं कोणत्या तोंडानें सांगावें? पुस्तकांतला नियम येथें आईच्या कष्टांशीं भांडूं लागतो. अशा भांडणांत पुस्तक हरतें, आणि तें हरावें हेंच योग्य.

म्हणून धडा थोड्या पाण्याचा असावयास हवा. दुपारच्या शालेय पंगतीपूर्वीं एका मुलानें तांब्या धरावा, दुसऱ्यानें हात पुढें करावे. घोटभर पाण्यानें हात ओले झाले कीं धार थांबवावी. साबण लावून बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा, मनगटें २० सेकंद चोळावीं. मग बारीक धारेनें धुवावीं. सांडलेलें पाणी अळवाच्या वाफ्यास जावें. एवढ्यानें काय होतें, असें कोणी विचारील. साबणानें हात धुण्याच्या संवयीमुळें अतिसाराचें प्रमाण सुमारें ३० टक्क्यांनीं घटतें, असें अनेक देशांतील पाहण्यांत आढळून आलें आहे. जंतांचीं अंडीं नखांतूनच पोटांत जातात. अंकुशकृमि मात्र अनवाणी पायांच्या कातडींतून शिरतात. तेथें हात धुऊन उपयोग नाहीं, पायांत चप्पल हवी. २०१५ पासून जंतनाशक दिनीं मुलांना अल्बेंडाझोलची गोळी देण्यांत येते. ती पोटांतले जंत मारते. उद्यां येणाऱ्यांना अडवीत नाहीं.

परंतु तांब्या कोणी धरावा? वरवर क्षुल्लक दिसणारा हा प्रश्न या मुलुखांत क्षुल्लक नाहीं. शेजारच्या महाडचें चवदार तळें म्युनिसिपालिटीनें १९२४ सालीं ठराव करून अस्पृश्यांना खुलें केलें. तो ठराव कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर सहस्रावधि लोकांसह तेथें गेले आणि त्यांनीं तें पाणी प्राशन केलें. त्यानंतर पंचगव्याच्या १०८ घागरींनीं तळ्याची 'शुद्धि' करण्यांत आली. जो पदार्थ पाण्यांत घातला असतां आरोग्याचें पुस्तक कानांवर हात ठेवील, त्यानें पाणी शुद्ध झालें, आणि माणसाच्या ओंजळीनें मात्र तें विटाळलें! मुंबई हायकोर्टाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूनें लागावयास १९३७ साल उजाडलें.

तेव्हां तांब्याची पाळी हजेरीपटाच्या क्रमानेंच लागावी. कोणाच्या हातावर कोण पाणी घालणार हें आडनांवानें ठरूं नये. मुलग्यांनाही त्यांतून सूट नसावी, कारण घरीं पाणी भरणें हें मुलींच्याच वांट्यास येतें. पिण्याच्या पिंपावर एकच लांब दांड्याचें ओगराळें असावें. हात पाण्यांत बुडत नाहीं हा आरोग्याचा लाभ. आणि तेंच ओगराळें सर्वांनीं हाताळावें, हा लाभ त्याहून मोठा.

ताराबाई मोडकांनीं १९४५ सालीं बोर्डीस ग्रामीण बालशिक्षणाचें काम आरंभिलें, तेव्हां शाळेंत न येणाऱ्या मुलांकरितां त्या शाळाच त्यांच्या अंगणांत घेऊन गेल्या. स्वच्छतेचा पाठ तेथें प्रत्यक्ष पाण्यानें होई, फळ्यावर नव्हे. आजच्या गुरुजींना तेवढें चालावयाचें नाहीं. पिंपापर्यंत जावें लागेल. त्यांनींही रांगेंत उभें राहून मुलापुढें हात करावे. पहिलींतल्या मुलाची धार वांकडी जाते, पाणी गुरुजींच्या पायांवर सांडतें. मग तिसरींतली एखादी मुलगी पुढें होऊन तांब्या कसा कलता धरावा तें त्यास दाखविते.