पोस्टमन भिंतीतून चालतो
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



निवेदकांनी माझी ओळख 'कॉम्प्युटरवर गेम बनवतो' अशी करून दिली. थोडी दुरुस्ती करतो. मी फक्त गोष्ट लिहितो. गेम बनवणारा तिकडे तिसऱ्या रांगेत बसलाय. त्याला स्टेजवर यायचं नाही. शाळेत असतानाही नसायचं.

गोष्ट आपल्या उजनीची आहे. धरणाच्या पाण्याखाली जाणारं एक गाव, त्याचा शेवटचा महिना आणि तिथे पत्रं वाटणारा पोस्टमन. तो पोस्टमन म्हणजे खेळणारे तुम्ही. याला रोल-प्लेइंग गेम म्हणतात. मारामारी नाही. कुठलं पत्र आधी द्यायचं, कुठलं वाचून दाखवायचं, एवढंच ठरवायचं. माझी आजी अशाच एका गावातून उठून आली होती.

टोबी फॉक्स या अमेरिकन तरुणाने 'अंडरटेल' हा गेम २०१५ मध्ये जवळजवळ एकट्याने केला, संगीतासकट. ते वाचून वाटलं, अवघड काय त्यात! मला तर कोडची एक ओळ येत नव्हती. मग प्रोग्रामर शोधायला लागलो. पुण्यात एक मुलगा भेटला. त्याच्या हातात १४० पानं ठेवली आणि म्हटलं, "नफा झाला की निम्मा तुझा." चार महिने त्याने शनिवार-रविवार घातले, मग फोन उचलणं बंद केलं. वर्षभर मी त्याला नावं ठेवत होतो. चूक माझी होती. न झालेल्या नफ्यातला निम्मा म्हणजे किती? शिवाय गोष्टीतला एक शब्दही मी त्याला बदलू दिला नव्हता.

मग गोडो नावाचं फुकट मिळणारं गेम-इंजिन घेऊन स्वतःच बसलो. सहा महिन्यांत एक घर, एक ओटा आणि तीन संभाषणं जमली. ती आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली. २१ अंगठे आले. रात्री साडेअकराला फोन आला, "अरे, तुझा पोस्टमन भिंतीतून चालतोय." २५ वर्षांनी बोलला, ते हे!

पहिल्याच बैठकीत त्याने विचारलं, खेळणाऱ्याने निर्णय किती घ्यायचे? म्हटलं, दहा. प्रत्येक वेळी हो किंवा नाही. "म्हणजे १०२४ वाटा. तपासणार कोण, तुझा काका?" बाई, घातांक तुम्ही शिकवले होते, मी झोपलो होतो.

माझ्या नऊ शेवटांतले सहा त्याने काढले. त्यात आजीचा प्रसंग गेला, जातं मागे ठेवून निघतानाचा. तीन आठवडे आम्ही बोललो नाही. मग त्यानेच रिकाम्या घरात एक जातं ठेवलं. हात लावला की घरघर ऐकू येते, बाकी काही नाही. माझ्या चार पानांपेक्षा ते बरं आहे. हे त्याच्यासमोर आज पहिल्यांदा म्हणतोय.

निम्मी मालकी त्याची, तसा कागद करून सह्या केल्यात. नोकऱ्या दोघांच्याही चालू आहेत, त्यामुळे काम रात्रीचं.

जेवणानंतर सातवी 'ब'च्या वर्गात लॅपटॉप लावलाय. पोस्टमन आता भिंतीतून जात नाही. होडीत मात्र अजून अडकतो.