संगणकाचा वाढीव वेग आणि खानदेशचा उन्हाळा

मे महिन्यांतील दुपार कशी असते, हें जळगांव-धुळ्याच्या माणसास सांगावयास नको. पारा ४५ अंशांकडे सरकूं लागला, कीं रस्ते ओस पडतात. अशा दिवसांतहि ज्या घरीं संगणकाचा नाद असलेला मुलगा आहे, तेथें एक प्रश्न निघतोच: कारखान्यानें ठरविलेल्या मर्यादेपलीकडे ज्याचा वेग वाढवितां येतो, असा प्रोसेसर जास्त पैसे मोजून घ्यावा काय? या वेगवाढीस ओव्हरक्लॉकिंग म्हणतात.

या नादाचा सुवर्णकाळ म्हणजे १९९८ साल. त्या वर्षीं इंटेल कंपनीचा सेलेरॉन ३००ए हा स्वस्तांतला प्रोसेसर निघाला. त्याचा गुणक साडेचार असा पक्का बांधलेला होता. परंतु मदरबोर्डाची मूळ गति ६६ मेगाहर्ट्‌झवरून १०० वर नेली, कीं ३०० चा प्रोसेसर ४५० वर धांवूं लागे. पुष्कळ नगांना त्यासाठीं जादा व्होल्टेजहि लागत नसे. आणि मौज अशी, कीं त्याच कंपनीचा सर्वांत महागडा पेंटियम २ तेव्हां नेमका ४५० चाच होता! कारखान्यानें न विकतां राखून ठेवलेली ताकद गिऱ्हाइकानें फुकटांत उचलली, इतकेंच.

कंपन्या कांहीं दूधखुळ्या नव्हत्या. २०११ च्या जानेवारींत आलेल्या पिढींत मूळ गतीची वाट जवळजवळ बंद झाली. गुणक मोकळा हवा असेल, तर ‘के’ अक्षराचा महाग नग घ्यावा लागे. तरीहि त्यांतला २६००के हा ३.४ गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर चांगल्या पंख्याखालीं साडेचारपर्यंत सहज जाई. पुढच्याच वर्षींच्या पिढींत झांकणाखालीं डाखाऐवजीं मलम आलें, आणि वेग वाढवितांच ती लवकर तापूं लागली.

येथें उष्णतेचा हिशेब पाहिला पाहिजे. उष्णता वेगाच्या प्रमाणांत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणांत! वेग वीस टक्के आणि व्होल्टेज दहा टक्के वाढविलें, तर उष्णता सुमारें पंचेचाळीस टक्क्यांनीं वाढते. शिवाय पंखा खोलींतल्या हवेनेंच वारा घालणार. वीस अंशांच्या खोलींत जो प्रोसेसर ७५ अंशांवर राहतो, तो तेंच काम ४५ अंशांच्या खोलींत करूं लागला, तर शंभराशीं पोंचतो. थंड प्रयोगशाळेंतले आंकडे वाचून खानदेशांत खरेदी करणें म्हणून धोक्याचें.

२०२३ च्या ऑक्टोबरांत आलेला १४९००के तर कारखान्यांतूनच ६ गिगाहर्ट्‌झपर्यंत जाणारा. त्याची कमाल मर्यादा शंभर अंशांची, आणि भर कामांत विजेची भूक २५३ वॅटची. राखीव ताकद कंपनीनें स्वतःच विकून टाकली. या आणि आधीच्या पिढीचे कांहीं नग अस्थिर होऊं लागले. प्रोसेसर प्रमाणाबाहेर व्होल्टेज मागत होता, हें २०२४ सालीं कंपनीनेंच मान्य केलें व हमीची मुदत दोन वर्षांनीं वाढविली.

तेव्हां नव्या पिढीसाठीं ‘के’ अक्षराचे जादा पैसे मला तरी व्यर्थ वाटतात; ते चांगल्या पंख्यावर खर्चावे, आणि जमल्यास व्होल्टेज थोडें उतरवून पाहावें. ज्याच्या घरीं जुना २६००के अजून चालतो, त्यानें मात्र चैत्र लागतांच गुणक ४५ वरून ४० वर आणावा, जाळीवरची धूळ झाडावी, आणि दिवाळीनंतर हौस असेल तर पुन्हां चढवावा.