ओट्यावरचा डबा आणि दारातल्या मावशी

एरवी मी तुमच्याशी बचतीबद्दल, कर्जाच्या हप्त्याबद्दल, गटाच्या वहीबद्दल बोलते. आज कचऱ्याबद्दल बोलणार आहे. त्यात काय बोलायचं, असं वाटेल. घंटागाडी आली की बादली ओतायची आणि दार लावून घ्यायचं. मीही तेच करत होते. म्हणून आधी माझ्या हातून घडलेली एक चूक सांगते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळीची गडबड होती. फराळाची काचेची बरणी हातातून निसटली. काचा गोळा केल्या, पिशवीत भरल्या. त्यावरच रात्रीचा उरलेला भात, भाजीची देठं, चहाचा चोथा टाकला. पिशवीला गाठ मारली आणि दाराबाहेर ठेवून दिली.

आमच्या जुळे सोलापूरच्या गल्लीत भंगार वेचायला एक मावशी येतात. घंटागाडी यायच्या आधी त्यांची फेरी असते. त्यांनी बाटली-डबा काही मिळेल म्हणून माझी पिशवी सोडली आणि आत हात घातला. ओरडणं ऐकून मी बाहेर आले, तर तळहातातून रक्त वाहत होतं. त्या दिवशी नळाला पाणी नव्हतं. घागरीतलं पाणी ओतून हात धुतला, दवाखान्यात नेलं. टाके पडले, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. आठ दिवस त्यांचं काम बंद राहिलं. पोट हातावर असलेल्या बाईचे आठ दिवस म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको.

त्या माझ्यावर रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “ताई, भात आन् काच एका पिशवीत कशाला टाकता? पुठ्ठा, बाटल्या येगळ्या ठेवा की. भिजलेला पुठ्ठा भंगारवाला घेत नाही, घेतला तर वजन तोडतो.”

मी बायकांना हिशेब शिकवते, पण हा हिशेब मला मावशींनी शिकवला. पुठ्ठ्याला भाव आहे, बाटलीला भाव आहे. भाताचं खत होतं. तिन्ही एका पिशवीत घातलं की कशालाच काही किंमत राहत नाही. घरातली वस्तू टाकाऊ होते ती मिसळल्यावर, आणि मिसळायचं काम आपल्याच ओट्यावर होतं.

पुढच्या बैठकीत हे मी गटासमोर सांगितलं. कुणीतरी म्हणालं, आधी आपण टाकतो किती ते तरी बघू. मग ठरलं की प्रत्येकीनं सात दिवस ओट्यावर एक डबा ठेवायचा. जे अन्न टाकून द्यावं लागेल ते रोज त्यात घालून तराजूवर धरायचं आणि वहीत लिहायचं. साली-देठं वेगळी, शिजलेलं अन्न वेगळं. आठवड्यानं वह्या उघडल्या तेव्हा बऱ्याच जणी गप्प झाल्या. सगळ्यात जास्त भात होता. त्याखालोखाल पोळी-भाकरी. मग फ्रीजमध्ये मागे राहून सडलेली कोथिंबीर आणि मेथी.

हे फक्त आमच्या गल्लीत होतं असं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा अहवाल सांगतो की २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, आणि त्यातलं ६० टक्के घराघरांतलं होतं. भारतातल्या घरांसाठी त्यांचा अंदाज माणशी वर्षाला ५५ किलो आहे. यात साली, हाडं असा खाता न येणारा भागही धरलेला आहे. तरी पाच माणसांच्या घरात वर्षाला २७५ किलो होतात. म्हणजे पावणेतीन क्विंटल! एवढी ज्वारी पिकवायला किती खुरपणी, किती पाणी, किती काढणी लागते, ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.

आता एक गोष्ट स्पष्ट बोलते. अन्न वाया घालवू नका म्हटलं की घरात त्याचा अर्थ काय होतो? उरलेलं बाईनं खायचं. सगळे ताजं जेवतात आणि ती कालची आमटी, सकाळचा भात संपवत बसते. बाईचं पोट म्हणजे खरकट्याची बादली नाही. त्यात आपल्या सोलापूरचा उन्हाळा. शिजलेला भात उघड्यावर तासन्‌तास राहिला तर त्यात वाढणारे काही जंतू असं विष तयार करतात, की ते भात पुन्हा गरम केला तरी जात नाही. जुलाब-उलट्यांवर खर्च होतो तो वाचलेल्या मूठभर भातापेक्षा कितीतरी जास्त असतो. तेव्हा उरलेलं संपवण्यापेक्षा उरू न देणं शिकूया.

आमच्या गटानं काय केलं? भाताला मापाचं भांडं ठरवलं. जेवायला कोण आहे, कोण नाही, हे सकाळीच विचारायचं ठरवलं. “कमी पडलं तर?” ही आपली भीती असते. कमी पडलं तर शेंगाचटणी आणि कडक भाकरी डब्यात आहेच. आपली कडक भाकरी ही शहाण्या बायकांनीच काढलेली युक्ती आहे. पातळ थापायची आणि पूर्ण वाळवायची. ओल गेली की बुरशी धरत नाही आणि भाकरी कितीतरी दिवस टिकते. याच भाकरीवर आज सोलापूर जिल्ह्यातल्या कितीतरी बायकांचा धंदा उभा आहे. पाहुण्यांसाठीचा जादा भात रोज शिजवण्यापेक्षा ही सोय बरी.

तरी साली-देठं राहतातच. ओला कचरा डेपोत ढिगाखाली दबला की हवा न लागता कुजतो आणि मिथेन वायू तयार होतो. आपल्या गोबर गॅसमध्ये असतो तोच. टाकीत धरला तर त्यावर स्वयंपाक होतो, ढिगाऱ्यात राहिला तर तो आगीला निमित्त होतो आणि हवाही तापवतो. आपल्या सोलापुरात शहराच्या कचऱ्यातून बायोगॅस आणि त्यावर वीज करण्याचा प्रकल्प उभा राहिला. पण अशा ठिकाणीही प्लास्टिक, काच, चिंध्या आधी निवडून काढाव्या लागतात. घरी दोन मिनिटांत होणारं काम तिथे यंत्रांना आणि माणसांना करत बसावं लागतं.

खेड्यात तुम्ही म्हणाल, आमच्याकडे जनावरं आहेत, खरकटं त्यांना घालतो. चांगलंच आहे, पण दोन गोष्टी सांभाळा. पिशवीला गाठ मारून खरकटं कधीही टाकू नका. गाय पिशवीसकट खाते आणि प्लास्टिक तिच्या पोटात साठून राहतं. दुसरं, लग्नकार्यातला उरलेला भात, पोळ्या, बुंदी एकदम गाईपुढे ओतू नका. एवढं शिजलेलं धान्य एका वेळी खाल्लं तर पोटात आम्ल वाढून जनावर दगावूसुद्धा शकतं.

खत करायला मोठा खर्च नाही. जुन्या बादलीला बुडाशी आणि बाजूंनी भोकं पाडा. खाली वाळका पाला घाला. ओल्या कचऱ्याचा एक थर, त्यावर त्याच्या दुप्पट पाला किंवा कडब्याचे बारीक तुकडे. थोडं आंबट ताक शिंपडा. चार-पाच दिवसांनी वरखाली हलवा. वास आला तर समजा ओल जास्त झाली, आणखी पाला घाला. फारच कोरडं वाटलं तर पाण्याचा हबका मारा. तेलकट भाजी, मटणाची हाडं यात नकोत. साधारण दोन महिन्यांत काळं, मातीच्या वासाचं खत हाती येतं.

आता दारात येणाऱ्या मावशींकडे परत येते. पुण्यात १९९३ मध्ये कचरा वेचणाऱ्यांनी, त्यातल्या बहुतेक बायकाच, डॉ. बाबा आढाव यांच्या साथीनं ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना उभी केली. पुढे त्यातूनच ‘स्वच्छ’ ही त्यांची स्वतःच्या मालकीची सहकारी संस्था झाली आणि २००८ मध्ये तिनं पुणे महापालिकेशी करार केला. त्या बायका दारोदार जाऊन ओला आणि सुका कचरा वेगवेगळा घेतात. घरागणिक ठरलेलं शुल्क मिळतं, आणि सुका माल विकून येणारे पैसेही त्यांचेच. काल उकिरडा उपसणारी बाई आज ओळखपत्र गळ्यात घालून दारावर येते. त्यांनीच एक मागणं मांडलं: वापरलेले सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा, म्हणजे आम्हाला ते उघडून बघावं लागणार नाही. एका ठिपक्यानं एका बाईची लाज आणि आरोग्य दोन्ही राखलं जातं.

हे पुण्यासारख्या मोठ्या शहरातच जमतं असं समजू नका. सिंधुदुर्गातलं वेंगुर्ला हे लहान गाव. मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात तिथल्या नगरपरिषदेनं घरातूनच कचरा वेगळा घ्यायला सुरुवात केली. ओल्या कचऱ्याचा बायोगॅस, पालापाचोळ्याच्या जळणाच्या कांड्या, प्लास्टिकचा चुरा रस्त्याच्या डांबरात. ज्या डेपोवरून लोक नाक धरून जात, तो बघायला आता बाहेरगावची माणसं येतात.

तुमच्या गावात हे व्हायला पैसा कुठून, असं विचाराल. स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण)चा दुसरा टप्पा २०२० मध्ये सुरू झाला. त्यात पाच हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी ६० रुपयांपर्यंत आणि मोठ्या गावाला ४५ रुपयांपर्यंत तरतूद ठेवली होती. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ साठी गावांना दिलेल्या निधीतला ६० टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठीच राखून ठेवला होता. हे आकडे घेऊन ग्रामसभेत उभ्या राहा. आपल्या गावासाठी किती आले, किती खर्च झाले, पुढे काय आहे, ते विचारा. आणि गोळा करण्याचं काम आमच्या गटाला द्या, असंही मागा.

आमच्या गल्लीत आता काय चाललंय? आम्ही अकरा घरं सुका माल आठवडाभर कोरड्या पोत्यात ठेवतो. शनिवारी मावशी येतात आणि दारातून घेऊन जातात. काच जाड कागदात गुंडाळून, वर ‘काच’ असं लिहून हातात देतो. मावशींना वाचता येत नाही, म्हणून तोंडानंही सांगतो. सगळ्या गल्लीला अजून पटलेलं नाही. पण मावशींना आमच्या अकरा दारांत पिशवी सोडावी लागत नाही.

तुमच्या पुढच्या बैठकीपर्यंत तीन कामं करा. सात दिवस ओट्यावर डबा ठेवून वजन लिहा. ओल्यासाठी एक बादली आणि सुक्यासाठी एक पोतं, असं वेगळं करा. आणि तुमच्या दारात भंगार वेचायला जी कुणी येते तिला थांबवून विचारा, बाई, तुला कसं दिलं तर सोयीचं पडेल? तिचं उत्तर गटाच्या वहीत लिहून ठेवा. मावशींच्या तळहातावरचा व्रण अजून दिसतो. तो बघितला की मला माझी गाठ मारलेली पिशवी आठवते.

वही भरून बैठकीला या.