भात ढवळला होता काय?



सरासरी म्हणजे काय आणि विचलन कशास म्हणावे, हे आपणांस विदितच असल्यामुळे त्या प्राथमिक विवेचनात वेळ न दवडता, व्यापारातील निर्णय आणि संख्याशास्त्र या आजच्या विषयाकडे मी एका म्हणीच्या वाटेने जातो. शितावरून भाताची परीक्षा, असे म्हणून आपण खुशाल सौदे ठरवितो. परंतु ते शीत पातेल्याच्या कोणत्या भागातले, आणि उचलण्यापूर्वी भात ढवळला होता काय, ही पृच्छा कोणी करीत नाही. (हशा.) पुढच्या रांगेतील बाई म्हणतात, भात ढवळला तर त्याचा लगदा होतो. शिरसावंद्य! म्हणूनच, जेथे ढवळता येत नाही तेथे शिते चार ठिकाणची उचलावी, आणि ती ठिकाणेही हाताला सोयीची म्हणून निवडू नयेत, एवढाच माझा हट्ट आहे.

माझे मामा भुसाराचे अडत्ये होते. पोते आले, की टोकदार पोकळ सळई त्यात खुपसून, तिच्या खोबणीतून तळहातावर उतरलेले हरभऱ्याचे चार दाणे दाताखाली फोडून ते जो भाव सांगत, तो बाजार निमूटपणे मानीत असे. मी तेव्हा बारा वर्षांचा. फर्दीवर पोती टिपण्याचे काम माझ्याकडे. मामांचा गुडघा दुखरा, त्यामुळे सळई नेहमी उभ्याने हात पोचेल तेथे, म्हणजे पोत्याच्या तोंडाशीच जाई. आणि ही गोष्ट माझ्याआधी माल आणणाऱ्यांच्या ध्यानात आली होती. एका साली पोती रिकामी केली तो वर टपोरा हरभरा आणि बुडाशी सगळा किडका! मामांनी नुकसान बट्टेखाती ओढले आणि दोष मात्र दैवाला दिला. गुडघ्याचे नाव खतावणीत कोठेही आले नाही.

मामांच्या पेढीवर मी अंमळ जास्तच रेंगाळलो. सांगावयाचे होते ते डब्लिनच्या गिनेस यांच्या बिअरच्या कारखान्याविषयी. (हशा.) भर सभेत हे नाव घेतो खरा, पण मी तेथले केवळ आकडे प्यालो आहे. तेथे १८९९ साली नोकरीस लागलेल्या विल्यम गॉसेट यांच्यापुढील प्रश्न रोकडा होता: यीस्ट कमी पडले तर आंबण्याची क्रिया अपुरी राहते, अधिक झाले तर चव बिघडते, मग पिंपातले यीस्ट मोजावे कसे? एक चौरस मिलिमीटर जागेत ४०० चौकटी आखलेली काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून या गृहस्थांनी चौकटीगणिक पेशी मोजल्या. पण त्याआधी, श्रोतेहो, तो द्रव त्यांनी नीट ढवळून घेतला होता! या मोजणीवरचा त्यांचा निबंध १९०७ चा. पुढे १९०८ मध्ये, थोडक्या नमुन्यांवर कितपत विसंबावे याचे गणित त्यांनी मांडले. कारखाना आपल्या नोकरांना स्वनामे लिहू देईना, म्हणून निबंधावर सही पडली ती ‘स्टुडंट’ अशी.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटे म्हणे उरली आहेत. तेव्हा आपल्या सातारा जिल्ह्याच्या पां. वा. सुखात्मे या संख्याशास्त्रज्ञांनी पीककापणीच्या प्रयोगांत काय दाखविले ते एका वाक्यात सांगतो: आखलेला तुकडा फार लहान असला, की काठावरची रोपे मोजणाराच्या हातून आत ओढली जातात आणि उतारा फुगतो. म्हणजे पुन्हा मामांचा गुडघाच! दुसरे संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांची बंगालमधील तागाची पाहणी राहिली ती राहिलीच.

आपल्या प्रश्नांच्या चिठ्ठ्यांसाठी दाराशी पेटी ठेवली आहे. चिटणीसांना विनंती, की हात घालण्यापूर्वी ती पेटी जरा हलवावी.