मल्टिमीटर आपल्याही हाती हवा

मैत्रिणींनो, घरात सोलर बसतं तेव्हा मेकॅनिक सगळं समजावतो ते घरच्या पुरुषाला. तो गावाला गेला, की बाई अंधारात. म्हणून गटाच्या बैठकीत मी आधी मल्टिमीटर सगळ्यांच्या हाती फिरवते.

हिशेब साधा आहे. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे १८०० वॉट-अवर. लेड-ॲसिड बॅटरी शक्यतो निम्म्याखाली उतरवू नये. म्हणजे ९०० उरले. त्यावर ७५ वॉटचा पंखा आणि ९ वॉटचे तीन दिवे सात-आठ तास चालतात. मिक्सर भर उन्हातच लावा.

बॅटरी लवकर उतरते? आधी पॅनेलवरची धूळ नि सावली बघा, मग तारांची सैल टोकं, मग पाणी. पाणी डिस्टिल्डच घाला. नळाचं नको, ॲसिडही नको. त्याआधी इन्व्हर्टर बंद करा. काडी पेटवू नका, तिथे हायड्रोजन वायू असतो. धातूच्या बांगड्या, मंगळसूत्र काढून ठेवा; दोन्ही टोकांना टेकलं तर भाजतं. सासूबाई कुरकुरल्या, तर त्यांना हेच कारण सांगा.

राजस्थानात तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजात फारशा न शिकलेल्या बायकाही सोलरचं काम शिकल्या. कर्जाच्या कागदावर आपली सही चालते ना? मग यंत्रही आपल्याला कळलंच पाहिजे.