जुनी मोटार : जपावी की हाकावी?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



या व्याख्यानमालेत माझ्या आधी बोललेल्या विद्वानांनी संतवाङ्मय, पानिपत, नाट्यसंगीत असे भारदस्त विषय घेतले. त्यांच्यामागून एका जुन्या मोटारीविषयी बोलण्यास उभे राहणे हे थोडे धारिष्ट्याचेच आहे. परंतु चिटणीसांनी मला विषय निवडण्याची मुभा दिली, आणि गेली दहा-बारा वर्षे जो प्रश्न माझ्या घरात रोज चहाबरोबर चघळला जातो, त्याहून अधिक अधिकाराने मी दुसऱ्या कशावर बोलू शकेन असे मला वाटत नाही.

आपल्यापैकी पुष्कळांनी ती गाडी पाहिली आहे. १९५५ सालची डॉज किंग्जवे, रंग फिकट हिरवा, लांबी सोळा फुटांहून अधिक. माझे सासरे पुण्यात वैद्यकीय व्यवसाय करीत. त्यांनी ती दुसऱ्या हाताने विकत घेतली आणि पुढे चाळीस वर्षे तिच्यातून रुग्णांच्या घरी हिंडले. २०१२ साली ते गेले आणि पुढल्या वर्षी गाडी मालमोटारीवर चढून चंदीगडला आली. नियमाप्रमाणे येथला नोंदणी क्रमांक घ्यावा लागला. तीन इंग्रजी अक्षरांची जुनी पाटी आता आमच्या दिवाणखान्यात भिंतीवर आहे.

गाडीला आपण 'अमेरिकन' म्हणतो ते अर्धेच खरे. सोलापुरात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली, अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार केला, आणि १९४७ साली, स्वातंत्र्याच्या काही महिने आधी, कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिले वाहन बाहेर पडले. डॉज, प्लिमथ आणि डिसोटो ही तीन नावे त्या कारखान्याने आपल्या रस्त्यांवर रुळवली. आराखडा डेट्रॉइटचा, सुटे भाग प्रथम बोटीने आलेले आणि पुढे हळूहळू येथेच बनू लागलेले. पण जोडणारे हात कुर्ल्याचे, म्हणजे कोकणातून आणि घाटावरून पोटासाठी मुंबईस आलेल्या माणसांचेही. वालचंद १९५३ साली निवर्तले, तेव्हा ही विशिष्ट गाडी त्यांनी पाहिली नाही. तरीही तिला परकी म्हणण्यास माझी जीभ रेटत नाही.

आता वादाकडे वळतो. माझे मेहुणे अमेरिकेत असतात. त्यांचे म्हणणे असे की, ही वडिलांची आठवण आहे, तिला रस्त्यावर काढूच नये. "भावोजी, उद्या एखाद्या पोराने मागून धडक दिली तर तो मागचा दिवा कुठून आणणार तुम्ही?" हा त्यांचा प्रश्न आहे, आणि तो बिनतोड आहे. माझी पत्नी त्याच वडिलांची मुलगी. ती म्हणते, "बाबांनी गाडी काही देवघरात ठेवली नव्हती. पावसात, खड्ड्यांत, रात्री दोन वाजता ती न्यायचे, म्हणून तर ती आपली झाली. फडक्याखाली झाकून ठेवायची असेल तर एखाद्या संग्रहालयाला द्या." दोघांचे वडील एकच, आठवण एकच, आणि निष्कर्ष दोन टोकांचे.

ही ओढाताण केवळ आमच्या घरची असती तर मी आपला वेळ घेतला नसता. २०२१ साली केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी 'व्हिंटेज' असा स्वतंत्र वर्ग निर्माण केला. नव्या नोंदणीला 'व्हीए' अक्षरांची मालिका, शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे; पुढे नूतनीकरणास पाच हजार. आधीच नोंदलेल्या गाडीला आपला जुना क्रमांक ठेवता येतो. येथपर्यंत सर्व गोड आहे. परंतु या वर्गातली गाडी प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, जुन्या मोटारींची फेरी, तसेच इंधन भरणे व दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. नित्याच्या वापरास मनाई. म्हणजे मेहुणे आणि पत्नी यांच्यातला वाद सरकारने राजपत्रात छापला असे म्हणावयास हरकत नाही. आंतरराष्ट्रीय पातळीवर ऐतिहासिक वाहनांची जी संघटना १९६६ पासून काम करते, तिची व्याख्याही अशीच आहे: वय निदान तीस वर्षे, जतन इतिहासाला धरून, आणि रोजच्या प्रवासाचे साधन नसलेली गाडी. वयाच्या बाबतीत आपण वीस वर्षांनी अधिक कठोर आहोत.

आमच्या गाडीची नोंदणी २०२३ साली नूतनीकरणास आली, आणि तेव्हा निर्णय टाळणे शक्य राहिले नाही. सामान्य वर्गात राहावे तर दर पाच वर्षांनी तपासणी आणि वाढलेले शुल्क. पूर्वी मोटारीला सहाशे रुपये पडत, ते एप्रिल २०२२ पासून पाच हजार झाले आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरील गाड्यांना आणखी वाढले. व्हिंटेज वर्गात जावे तर मान मिळतो, पण भाजी आणावयास जाणे बंद.

निर्णय घेण्यापूर्वी मी सासऱ्यांची वही काढून बसलो. त्यांनी प्रत्येक गॅलन आणि पुढे प्रत्येक लिटर पेट्रोल, तेलाचा प्रत्येक डबा, ग्रीसची प्रत्येक पाळी लिहून ठेवली आहे. दर हजार मैलांना सांध्यांना ग्रीस, हा क्रम चार दशकांत क्वचितच चुकलेला दिसतो. १९७३ नंतर पेट्रोल महाग झाले, तेव्हा अशा कितीतरी गाड्यांची पेट्रोलची इंजिने उतरवून डिझेलची बसवली गेली. सासऱ्यांनी ते केले नाही. रुग्णाच्या दारात ट्रकचा आवाज करीत जाणे त्यांना प्रशस्त वाटले नसावे. त्या एका हट्टामुळे गाडी आज 'मूळ रूपात' या शब्दांत बसते. वही वाचता वाचता एक गोष्ट ठळकपणे लक्षात आली. चालत्या वर्षांतले खर्च लहान आणि ठरावीक आहेत: ब्रेकचे अस्तर, क्लचची तबकडी, पंख्याचा पट्टा. मोठे खर्च आले आहेत ते गाडी उभी राहिली त्यानंतर. सासरे एकदा आजारी पडले आणि गाडी आठ महिने हलली नाही. नंतरच्या एका पानावर चारही चाकांची ब्रेकची सिलिंडरे, पेट्रोलची टाकी, बॅटरी आणि दोन टायर एकदम आहेत.

यामागे कोणतीही जादू नाही. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषते, आणि गाडी उभी राहिली की तो ओलावा सिलिंडराच्या भिंतीला गंज चढवतो. इंजिन पुरते तापले नाही तर आत धरलेले पाणी तेलातच राहते. म्हणून महिन्यातून एकदा दारात पाच मिनिटे इंजिन सुरू करून बंद करणारे लोक गाडीचे हित करीत नाहीत. टायर एकाच जागी भार सोसून चपटे होतात. शिवाय आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. तेही पाणी ओढते, आणि जुन्या पंपाचा रबरी पडदा व नळ्या कुरतडते. भगिनींना हे निराळ्या शब्दांत ठाऊकच आहे: नेसलेली पैठणी काठाला झिजते, पण ट्रंकेत वर्षानुवर्षे एकाच घडीत ठेवलेली पैठणी त्या घडीवरच विरते.

मग रोज कचेरीत न्यावी काय? २०१३ च्या हिवाळ्यात मी ती तशी नेली, कारण अनुभवाशिवाय मत देणे मला आवडत नाही. जाऊन-येऊन बावीस किलोमीटर, लिटरला सहाच्या आसपास, म्हणजे दिवसाला जवळजवळ चार लिटर. पैशाची गोष्ट सोडून देऊ. या शहराचे रस्ते ल कॉर्बुझिए यांनी आखले तेव्हा मोटारी मोजक्या होत्या. आता वाहनांची संख्या माणसांच्या पुढे गेली आहे. प्रत्येक चौकात थांबणे, क्लच दाबणे, पुन्हा निघणे, यात साठ वर्षांपूर्वीचे यंत्र जितके झिजते तितके पिंजोरपर्यंत सलग जाण्यात झिजत नाही. आणि सुरक्षिततेचा मुद्दा तर निर्विवाद आहे. या गाडीला कमरपट्टा नाही, धडकेत दबून माणसाला वाचवणारा पुढचा भाग नाही, आणि ब्रेकच्या तेलाची वाहिनी एकेरी आहे: एका चाकाशी गळती झाली की चारही चाकांचे ब्रेक जातात. नातीला शाळेत सोडण्यासाठी हे वाहन नव्हे, असे मी पत्नीलाही स्पष्ट सांगितले.

'रोजच्या वापरानेच वस्तू टिकते' असे म्हणणाऱ्यांनी मुंबईच्या टॅक्सीकडेही पाहावे. याच कुर्ल्याच्या कारखान्याची पद्मिनी हजारोंनी धावली, आणि वीस वर्षांच्या मर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची नोंदलेली टॅक्सी रस्त्यावरून गेली. धावत होत्या तोवर त्या जपाव्यात असे फारसे कोणाच्या मनात आले नाही. त्यांच्याही आधी टॅक्सी म्हणून धावलेल्या डॉज आणि प्लिमथ गाड्यांचे तर पत्रेही उरले नाहीत. उलट क्यूबात १९६० नंतर अमेरिकन माल येणे थांबले आणि त्याआधीच्या मोटारी आजही तेथे रोज धावतात. बाहेरून त्या झळझळीत असतात, पण पुष्कळांच्या पोटात रशियन किंवा डिझेल इंजिन असते. निरुपायाने केलेले जतन असे असते. मी त्याला नावे ठेवीत नाही.

या दोन टोकांमध्ये मला वाट सापडली ती मोटारीत नव्हे, खुर्चीत. आपल्या या शहरात १९५० नंतर पिएर जानरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरकारी कचेऱ्या, विद्यापीठ व उच्च न्यायालय यांसाठी सागवान आणि वेताच्या खुर्च्या, मेजे, कपाटे घडवली. अनेक वर्षे कारकून त्यांवर बसले. वेत फाटला की बुरूड बोलावून नवा विणून घेतला जाई. पुढे पाय डगमगू लागले, तेव्हा त्या मोडीत काढल्या गेल्या आणि लिलावात किरकोळ किमतीस गेल्या. त्याच पॅरिस आणि लंडनच्या लिलावांत लाखोंना विकल्या गेल्या. २०११ साली गृहमंत्रालयाने त्यांच्या विक्रीवर व निर्यातीवर निर्बंध घातले. मोजदाद झाली, बारा हजारांहून अधिक वस्तू यादीत आल्या. सेक्टर १९ मधील ल कॉर्बुझिए केंद्रात आणि सेक्टर ५ मधील जानरे यांच्या घरात त्यांतील काही आपण पाहू शकता. मी सरकारी माणूस आहे, जुन्या सामानाच्या निर्लेखनाच्या समित्यांवर बसलो आहे, म्हणून हे प्रकरण मला विशेष लागते. त्या खुर्च्यांचे नुकसान कारकुनांनी केले काय? कारकून बसले, वेत फाटला, वेत पुन्हा विणला गेला; ते नुकसान भरून येत होते. निर्लेखनाच्या कागदावर सही झाली, त्या नुकसानाला भरपाई नव्हती.

माझ्या मते प्रश्न 'जपावी की हाकावी' असा नसून 'कोणते नुकसान भरून येते' असा आहे. ब्रेकचे अस्तर, पिस्टनची कडी, क्लच, पंपाचा पडदा हे सारे झिजू द्यावे, कारण ते पुन्हा मिळते किंवा करवून घेता येते. पत्रा, काच, पुढची क्रोमची जाळी, मूळ इंजिन यांना धोका होईल तेथे गाडी नेऊ नये. आणि या दुसऱ्या यादीत मी एक नाव घालतो, जे मेहुण्यांच्या ध्यानात आले नव्हते: मिस्त्री. मनीमाजऱ्याच्या मोटार बाजारात एक वृद्ध सरदारजी आहेत. इंजिनाच्या बाजूला बसवलेल्या झडपांतील अंतर ते पट्टी न लावता, कानाने ऐकून सांगतात. मग मी पट्टी लावून पाहतो आणि ते बरोबर निघते. गाडी बंद करून ठेवली तर त्यांचा नातू हे काम कशावर शिकेल? सध्या तो आजोबांच्या शेजारी उभा राहून हत्यारे देतो, आणि गेल्या वर्षी कार्ब्युरेटर त्याने एकट्याने उघडून जोडला.

त्यामुळे २०२३ साली मी गाडी सामान्य वर्गातच ठेवली. व्हिंटेज वर्गाची दारे पुढेही उघडी आहेत. तावडू येथील वाहन संग्रहालय, किंवा दिल्लीत १९६४ पासून भरणारी जुन्या मोटारींची फेरी, हे मार्ग ज्यांच्या गाड्या अगदी दुर्मिळ आहेत त्यांच्यासाठी योग्यच आहेत. आमची तशी नाही. ती दर रविवारी पहाटे, रस्ते मोकळे असताना, पिंजोरपर्यंत जाऊन येते. चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, इंजिन पुरते तापेल एवढे. धुक्यात आणि मुसळधार पावसात निघत नाही. मे-जूनमध्ये सात वाजण्याच्या आत परतते, नाही तर उन्हाने पंपातच पेट्रोलची वाफ होते आणि गाडी अडते. गणपतीच्या दिवसांत मंडळाचे सामान आणण्यास ती येते हे आपण जाणताच. नातीला सोळा वर्षे पुरी झाल्याशिवाय पुढच्या आसनावर बसवायचे नाही, असे पत्नीने व मी ठरवले आहे.

मेहुण्यांना हे सर्व कळवले. ते पुरते राजी झाले असे म्हणवत नाही, परंतु त्यांनी तेथल्या एका जुन्या मालाच्या दुकानातून मागचे दोन दिवे शोधून पाठवले, आणि सोबत चिठ्ठी लिहिली की, "एक धडकेसाठी आणि एक त्यानंतरच्या धडकेसाठी." ते दोन्ही अजून खोक्यातच आहेत. पुढील तपासणी २०२८ साली आहे. तोपर्यंत ब्रेकच्या सिलिंडरांची रबरे आणखी एकदा बदलावी लागतील, असे सरदारजींचे मत आहे, आणि त्यांचा एक संच मी आणून ठेवला आहे.