उसन्या पाण्याचं गाव



कोकणातल्या नद्यांची एक रीत आहे. श्रावणात त्या अंगणापर्यंत येतात आणि शिमगा सरला की दगडगोटे दाखवू लागतात. पेणची भोगावती पाहा. पण तिथून थोडं दक्षिणेला आलात की आमच्या रोह्याची कुंडलिका भर वैशाखातही वाहताना दिसेल. लहानपणी आम्हा पोरांना याचा मोठा अभिमान होता. आपलीच नदी तेवढी पुण्यवान, असं वाटायचं.

कुंडलिका भिऱ्याकडच्या डोंगरातून उतरते, कोलाडवरून रोह्याला येते. एका काठाला रोहा, दुसऱ्या काठाला अष्टमी. मधे पूल. नगरपालिका मात्र दोघांची एकच, तिचं नावही जोडनाव, रोहा-अष्टमी. इथवर समुद्राची भरती चढते. इथून पुढे नदीची खाडी होते आणि रेवदंड्याला, कोर्लईच्या किल्ल्याच्या पायथ्याशी, ती समुद्राला मिळते.

या भरतीनेच आमचं गाव वसवलं. रस्ते नव्हते तेव्हा भरतीबरोबर पडाव, मचवे वर यायचे आणि ओहोटीबरोबर भात-तांदूळ घेऊन खाली जायचे. १६७४ साली शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला निघालेला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन याच वाटेने आला. चौलहून होडीने अष्टमीपर्यंत आणि तिथून जमिनीवरून रायगडाकडे. माझे आजोबा याच खाडीत मचव्यावर तांडेल होते. त्यांना घड्याळ कळत नसे, पण चंद्र पाहून भरतीची वेळ बिनचूक सांगत. घरी नमाजाची वेळ आणि धक्क्यावर भरतीची वेळ, एवढ्या दोन वेळांवर त्यांचं आयुष्य गेलं.

या खोऱ्यावर पहारा ठेवायला चहूबाजूंनी गड उभे आहेत. अवचितगड, बिरवाडी, घोसाळगड, सुरगड. खांब गावाजवळच्या सुरगडावर एक शिलालेख आहे. एकाच दगडावर देवनागरी आणि अरबी अशा दोन्ही लिपी. माझ्यासारख्या, घरात कुराण आणि शाळेत मोरोपंत शिकलेल्या माणसाला तो दगड पाहून फार आपलं वाटलं, हे कबूल करतो.

आता पुन्हा त्या बारमाही पाण्याकडे येतो. नववीत असताना आमचे भूगोलाचे गुरुजी वर्गात म्हणाले, ‘‘उन्हाळ्यात नदीला दिसतं ते पाणी आपलं नव्हे.’’ आम्हाला राग आला. मग त्यांनी फळ्यावर सह्याद्रीची रेघ ओढली. पलीकडे पुणे जिल्ह्यात मुळशी. मुळा आणि निळा या नद्यांवर टाटांनी तिथे धरण बांधलं. त्या नद्या मूळच्या पूर्ववाहिनी. त्यांचं पाणी भीमेतून कृष्णेला आणि कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जायचं. धरणाने ते अडवलं, घाटमाथा ओलांडून पश्चिमेला वळवलं आणि सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याला सोडलं. १९२७ पासून तिथे वीज तयार होते. वीज मुंबईला गेली. वापरून झालेलं पाणी कुंडलिकेत आलं. आज कोलाडला सकाळी पाणी सुटलं की हौशी मंडळी रबरी होड्या घेऊन उसळत्या धारेत उतरतात, तेही हेच पाणी.

पण धरणात गावं बुडाली. सुमारे ५० गावं, आणि मावळच्या उत्तम भाताच्या जमिनी. म्हणून १९२१ मध्ये मुळशीचा सत्याग्रह झाला. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही पदवी याच लढ्याने दिली. जगातल्या पहिल्या धरणविरोधी लढ्यांत त्याची गणना होते. १९२४ पर्यंत माणसं झुंजली आणि हरली.

काही वर्षांपूर्वी एका कविसंमेलनाच्या निमित्ताने मुळशीकडे गेलो होतो. चहाच्या टपरीवर एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, ‘‘पाव्हणं, कुठलं?’’ म्हटलं, रोह्याचा. ते हसले. ‘‘म्हंजी आमचं पाणी पिता की तुम्ही!’’ त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. म्हणूनच मला उत्तर सुचलं नाही. चहाचे पैसेही त्यांनी देऊ दिले नाहीत.

श्रोतेहो, रोहा हे हिशेब जाणणाऱ्यांचं गाव आहे. चिंतामणराव देशमुखांचं हे गाव. १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. पुढे केंद्रात अर्थमंत्री झाले आणि १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी ते पद सोडलं. याच माणसाने कालिदासाचं ‘मेघदूत’ मराठीत आणलं. ज्या गावाने हिशेब आणि मेघ दोन्ही जाणणारा माणूस दिला, त्या गावाने या उसन्या पाण्याचा हिशेब ठेवायला नको का?

आम्ही काय केलं? १९७० नंतर धाटावला रसायनांचे कारखाने आले. त्यांनी हजारो घरांत चूल पेटवली, मीही त्या पगारावर शिकलेल्या भावंडांतला एक आहे. पण केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादीत प्रदूषित नद्यांमध्ये कुंडलिकेचं नाव लागलं. खाडीतला जिताडा ही आमच्याकडे जावयाला वाढायची मासळी. आता कोळणीला आधी विचारावं लागतं, ‘‘बाय, कुठल्या पाण्यातला?’’

आणि मुळशीची गोष्ट मुळशीत संपली नाही. शेजारच्या पेण तालुक्यात हेटवणे धरण झालं. त्याचं पाणी नवी मुंबईला पोचलं, पण त्याच तालुक्यातल्या खारेपाटातल्या बाया वर्षानुवर्षं टँकरची वाट पाहत राहिल्या. पाणी उंचावरून खाली वाहतं, असं गुरुजींनी शिकवलं होतं. ते गरजेकडून पैशाकडेही वाहतं, हे मला उशिरा कळलं.

आमच्या घरी वजू करताना दादी तांब्या हातात द्यायची आणि सांगायची, ‘‘नदीवर बसलास तरी पाणी सांडू नकोस.’’ इस्लामची तशी शिकवणच आहे. तेव्हा वाटायचं, एवढी नदी समोर असताना ही कंजुषी कशाला? आता संध्याकाळी अष्टमीच्या पुलावर उभा राहतो. खालून मुळशीचं पाणी जात असतं, समोरून भरती वर चढत असते. टपरीवरच्या त्या बाबांना द्यायचं उत्तर मी अजून शोधतो आहे. निदान त्यांचं पाणी समुद्राला देताना स्वच्छ दिलं, एवढं तरी सांगता यावं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)